पहिलं उड्डाण, अंबड रोड

विमान नरहररावांनी बांधलं होतं आणि उडवायचं अंतरानं होतं. भांडणाचं मूळ एवढंच.

नरहरराव जालन्याच्या एका तंत्रशाळेत फिटरचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. रेडिओवर चालणारी छोटी विमानं बांधायची आणि उडवायची, हा त्यांचा जुना नाद. अंतरा त्यांची सून. जुन्या जालन्यात तिचा दातांचा दवाखाना होता. लग्न होऊन आली तेव्हा ह्या अबोल सासऱ्यांशी काय बोलावं तिला कळत नसे, म्हणून एका रविवारी ती त्यांच्याबरोबर नुसती बघायला गेली आणि तिलाच नाद लागला. तिचा हात पक्का होता. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल धरणाऱ्या बाईचा असायचाच. पुढे नरहररावांच्या उजव्या हाताला कंप सुटला. गोळ्यांनी तो कमी झाला, गेला नाही. एक दिवस मैदानावर त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. त्यावर घरात कधी कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून ते बांधत आणि ती उडवी.

हे नवं विमान मात्र पंख्याचं नव्हतं, जेट होतं. पोटात थर्मासएवढं, रॉकेलवर चालणारं खरंखुरं टर्बाइन. दोघांनी मिळून उचलावं लागे एवढं धड. चाकं पोटात ओढून घेण्याची सोय. गच्चीवरच्या खोलीत नरहररावांनी त्याच्यापायी दोन पावसाळे काढले. अंतराचा नवरा पार्थ नोकरीनं मस्कतला होता. तो फोनवर आधी "उडालं का?" विचारी आणि मग घरच्यांची तब्येत.

उडवायला जागा होती ती अंबड रोडला. एका बिल्डरनं तिथं प्लॉटिंग पाडलं होतं. कमान उभी राहिली, सरळसोट डांबरी रस्ता झाला, विजेचे खांबही आले, पण पुढं एकही घर झालं नाही. राखणीला शेजारच्या रानातला कडूबा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याचीच ज्वारी उभी होती. विमान बघायला मिळतं म्हणून तो कमानीचं कुलूप आनंदानं उघडी. त्याचं म्हणणं एवढंच, की आपल्या ज्वारीत आग लागू नये. म्हणून नरहररावांनी त्याच्याच हातात आग विझवायचं लाल सिलिंडर दिलं होतं आणि ते कसं दाबायचं ते शिकवलं होतं.

पहिल्या रविवारी टर्बाइन सुरूच झालं नाही. अंतरा रिमोट गळ्यात अडकवून उभी, कडूबा सिलिंडर धरून उभा, आणि विमानाच्या पोटातून नुसती शिट्टी वाजून विझत होती. रॉकेलच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. तो काढेपर्यंत ऊन चढलं, बॅटरी उतरली आणि दवाखान्यात दाढ सुजलेला एक पेशंट येऊन बसला. असं होतं, अंतरानं मनाशी म्हटलं. नव्या मशीनचं असंच असतं.

दुसऱ्या वेळी टर्बाइन एका झटक्यात लागलं. आधी शिट्टी, मग सुस्कारा, मग कानाला दडे बसवणारा आवाज. शेपटीमागची हवा उन्हात थरथरायला लागली. कडूबा आपसूक दोन हात मागे सरला. अंतरानं विमान हळूहळू रस्त्याच्या टोकाला नेलं, वळवलं, तोंड वाऱ्याकडे केलं. नरहरराव तिच्या खांद्यामागे होते.

"सगळं बराबर?" तिनं विचारलं.

"बराबर. जाऊ दे."

तिनं अंगठा वर सरकवला. विमान सुटलं. पहिला खांब गेला, दुसरा गेला, नाक हलकं झालेलं तिला बोटांत जाणवलं. आता उचलायचं, एवढ्यात कानाशी आवाज आला.

"थांबव! थांबव!"

तिनं काही विचार न करता गॅस तोडला. पण एवढं वेगात आलेलं जड विमान कुठलं जाग्यावर थांबायला? रस्ता संपला, पुढची खडी आली, आणि नाकाचं चाक खडीत रुतून कडकन वाकलं. विमान तोंडावर टेकलं.

सगळं शांत झालं. टर्बाइन थंड होताना टिकटिक वाजत होतं.

"काय झालं?" अंतरानं वळून विचारलं.

"डाव्या पंखाची पट्टी थरथरली."

पट्टी म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला वरखाली हलणारं फळकूट. विमान डावी-उजवीकडे कलतं ते तिच्यावर.

"मला नाही दिसली."

"मला दिसली."

"बाबा, रस्ता खडबडीत आहे. अख्खं विमानच थरथरत होतं."

"विमान वेगळं आणि पट्टी वेगळी. मला कळतं."

कडूबानं लांबून हाक मारली, "सर, मारू का सिलिंडर?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

घरी येईपर्यंत अंतरानं राग आवरला. विमान गच्चीवर नेऊन ठेवल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "थांबव म्हणायचं असेल तर ते मी म्हणायचं. रिमोट ज्याच्या हातात, त्यानं. तुम्हीच मला शिकवलंत हे. मी उचललं असतं तर ते चाक वाकलं नसतं."

"उचललं असतं तर चाकच काय, काहीच राहिलं नसतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

नरहरराव चष्मा काढून पुसायला लागले.

पुढचे काही दिवस गच्चीवर पंख उघडा पडला होता. पट्टी हलवणारी छोटी मोटर, तिची दांडी, बिजागऱ्या, नरहरराव सगळं पुन्हा पुन्हा बोटानं हलवून बघत. कुठं काही ढिलं नव्हतं. दवाखाना बंद करून अंतरा वर गेली की तीही बघे. पट्टी घट्ट होती. तिला त्या घट्ट पट्टीचा राग यायला लागला. ढिली असती तर म्हाताऱ्याचं खरं म्हणून तरी सोडून देता आलं असतं.

"नाकाचं चाक बसवायला गोंद मी लावून देते," ती एकदा म्हणाली. आतली लाकडी फळी चिकटवायची होती, जागा अरुंद होती. नरहररावांच्या हातातला ब्रश कडांना ठेचकाळत होता.

"माझा हात चालतो अजून."

"मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंस?"

ती खाली निघून आली. सासूबाई शरयूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुपातले थोडे वाटाणे तिच्यापुढं सरकवले.

"मी तुला भांडू नकोस असं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर भांडतेय. पण एक सांगते. त्या दिवशी घरी आल्यावर हे अंगठ्यांनी हवेतच काहीतरी करत होते. टीव्हीसमोर बसून. बराच वेळ."

"म्हणजे?"

"म्हणजे उडवत होते ग. मनातल्या मनात."

अंतरानं वाटाणे सोलले. तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला. मनातल्या मनात उडवणारा माणूस मागे उभा असला, तर हातानं उडवणाऱ्यानं करायचं काय?

चाक दुरुस्त झाल्यावर ते पुन्हा गेले. आता ज्वारीची कणसं भरून पिवळी झाली होती आणि कडूबा आधीच काळजीत होता. "ताई, आज तरी उडणार का न्हाई? गावातले लोक इचारून राह्यले मला. मी म्हणलं, सर लोक तपासून राह्यले अजून."

"आज उडणार," अंतरा म्हणाली.

नरहररावांनी तपासायला घेतलं. पट्ट्या, चाकं, बॅटरी. मग रिमोट लांब नेऊन सिग्नल. मग पुन्हा पट्ट्या. एक स्क्रू काढून पुन्हा लावला. अंतरा उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. सकाळची थंड, शांत हवा हळूहळू संपत गेली. खांबाला बांधलेली रिबन हलायला लागली, तेव्हा नरहररावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"वारा वाढला. आज नको."

अंतराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "ह्या वाऱ्याला तुम्ही वारा म्हणता?"

"पहिलं उड्डाण आहे. पहिल्याला नको."

कडूबानं बोट वर केलं. "सर, ह्या हवेत तर पाखरं बी आरामात उडून राह्यलेत."

नरहरराव विमानाचे पंख काढायला लागले. स्क्रू सुटेना, हात थरथरत होता. अंतरा मदतीला गेली नाही. तशीच उभी राहून बघत राहिली. ते आपलं चुकलं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही मागे उभं राहायचं नाही. गाडीत बसायचं. काचा लावून. मी उडवणार, मी उतरवणार. पटत नसेल तर दुसरा कुणी बघा."

दुसरा कुणी नव्हता. जिल्ह्यात जेट उडवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

अंबड चौफुली आली, सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. तेव्हा ते म्हणाले, "बरं."

मग ज्वारी काढणीला आली. कडूबानं निरोप दिला, "आधी मी रान मोकळं करून घेतो, मंग या. माझ्या जिवाला घोर लागून राह्यला." म्हणून ते थांबले. ज्वारी निघाली, कडब्याच्या पेंढ्या रचून झाल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती धसकटं राहिली.

त्या सकाळी नरहररावांनी एकदाच तपासलं. टर्बाइन लागल्यावर ते खरोखरच कमानीजवळ उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. तेवढ्यानं अंतराला मोकळं वाटायला हवं होतं. पण खांद्यामागची ती जागा रिकामी झाली, तर तिला तिथं थंड वाटायला लागलं.

"कडूबा, तयार?"

"तयार हाय, ताई. कवाचाच."

तिनं अंगठा वर सरकवला. पहिला खांब, दुसरा, तिसरा. नाक हलकं झालं. तिनं रिमोटची काडी किंचित मागे ओढली आणि विमानानं रस्ता सोडला.

"उडालं!" कडूबा ओरडला. "उडालं की!"

चाकं आत गेली. विमान थोडं डावीकडे ओढत होतं. तिनं कल निघावा म्हणून उजवीकडचं ट्रिमचं बटण तीनचारदा टकटक दाबलं, मग ते सरळ झालं. रानावरून लांब वळण घेऊन ते परत डोक्यावरून गेलं, पांढरं, सुईसारखं, आणि त्याचा आवाज त्याच्यामागून आला. अंतरा हसत होती. इतक्या दिवसांचा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. हे असं होतं तर. इतकं सोपं होतं. मग कशाला अडवलं आपल्याला एवढं?

दुसऱ्या फेरीला तिनं पूर्ण गॅस दिला.

विमान रस्त्याला समांतर आलं आणि आकाशातून एक वेगळाच आवाज आला. घर्रर्र. सैल पत्रा वाऱ्यात वाजावा तसा. डाव्या पंखाची कड धूसर दिसत होती. पट्टी इतक्या वेगानं फडफडत होती की ती पट्टी आहे हे ओळखू येईना.

"बाबा!"

ती ओरडली तेव्हा गाडीचं दार आधीच उघडलेलं होतं. ते पळत आले. त्यांना पळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"गॅस खाली. निम्मा. नाक वर धर, वेग मरू दे."

तिनं तसं केलं. घरघर थांबली. पण विमान डावीकडे कलायला लागलं आणि कलतच गेलं. तिनं काडी पूर्ण उजवीकडे दाबली. ते कसंबसं सरळ झालं, हात सोडला की पुन्हा कले. डावी पट्टी मेली होती. उजव्या पट्टीवर आणि शेपटीवर जेवढं होईल तेवढंच.

"आता मोठं वळण घे. उजवीकडून, घाई करू नकोस. आणि..."

"बाबा, आता गप्प!"

ते गप्प झाले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. विमान लांब गेलं, लहान झालं, वळलं. चाकं खाली आली. तिन्ही आली, तिनं मोजली. ती विमानाला रस्त्याच्या रेषेत आणायला बघत होती आणि ते रेषेतून डावीकडे सरकत होतं. गॅस कमी केला की कले, वाढवला की पुढं पळे. रस्ता मिळणार नाही हे तिला एका क्षणी कळलं. तिनं रस्त्याचा नाद सोडला आणि पंख सरळ ठेवण्याकडं लक्ष दिलं. खाली कडूबाची धसकटं आली. तिनं टर्बाइन बंद केलं.

विमान धसकटांत बसलं, उसळलं, धुळीत आडवं घसरलं आणि थांबलं.

"सिलिंडर!" कडूबा स्वतःलाच सांगत पळाला. शेपटीतून धूर येत होता. ह्या वेळी त्यानं कुणाला विचारलं नाही, नळी रोखून पांढरा फवारा मारला आणि धूर विझला. "विझवलं!" तो ओरडला. "काय बी पेटलं न्हाई!"

नाकाचं चाक मुळापासून उपटलं होतं. पोट ओरबाडलं होतं. डाव्या पंखाचं टोक तुटून दोन सरींपलीकडं पडलं होतं. बाकी विमान होतं. टर्बाइन अजून गरम होतं.

नरहरराव पंखापाशी मातीत बसले आणि मोटरच्या झाकणाचा स्क्रू काढायला लागले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेत बसेना. दोनदा घसरलं. अंतरानं त्यांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्यांनी घेऊ दिला. तिनं झाकण काढलं.

मोटर ठीक होती. ती ज्या लाकडी फळीवर बसवली होती, ती फळी एका कडेनं पंखापासून सुटली होती. बोटानं ढकललं तर हलत नव्हती. पंख दोन्ही हातांनी जोर लावून पिळला, तेव्हा मात्र फळी वर उचलली गेली. तिथं गोंद नव्हताच. ब्रश त्या कडेपर्यंत पोचलाच नव्हता.

दोघंही त्या कोरड्या लाकडाकडे बघत राहिले.

"मी म्हटलं होतं ना, पट्टी थरथरली," नरहरराव म्हणाले. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं.

"हो," अंतरा म्हणाली. "आणि मी म्हटलं होतं, गोंद मी लावते."

ते तिनं चाकाबद्दल म्हटलं होतं, ह्या फळीबद्दल नाही. ही फळी तर केव्हाच लागून गेलेली होती. पण बोलून गेली. शब्द मागे घेता आले असते. तिनं घेतले नाहीत.

नरहररावांनी मान हलवली. "हो. म्हटलं होतंस."

कडूबा तुटलेलं पंखाचं टोक हातात घेऊन आला. "सर, परत बनतंय ना हे? का गेलं?"

"बनतं. बिलकुल बनतं. पण दोनतीन महिने जातील."

दोनतीन महिने! अंतरानं डोळे मिटले. तोवर ऊन असं होईल की ह्या डांबरावर उभं राहवणार नाही. मग पावसाळा. मग कडूबाचं दुसरं पीक. पुन्हा तपासणी, पुन्हा रिबन, पुन्हा तोच स्क्रू.

कडूबाच्या मदतीनं त्यांनी विमान गाडीत चढवलं. गाडी कमानीबाहेर आली. मग नरहरराव म्हणाले, "ट्रिम किती दिलीस? उजवीकडे."

"तीन. किंवा चार."

"तीन की चार?"

"बाबा, मी मोजत नव्हते."

"मोजायला पाहिजे. पहिलं उड्डाण त्याच्यासाठीच असतं. नुसतं मजेला नसतं."

"मजेला? मी मजा करत होते?"

"हसत होतीस. काचेतून दिसलं मला." ते तिच्याकडे वळले. "नाक जड वाटलं का?"

"जरा."

"जरा म्हणजे किती? काडी किती मागे धरावी लागली?"

अंतरानं सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्याहून कमी. पावपेक्षा जास्त. वळताना जास्त, सरळ जाताना नाही. शब्द पुरेनात. हातातलं हातात राहत होतं आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते. गॅस तोडल्यावर लगेच खाली बसतं, की तरंगतं? वळणात शेपूट बाहेर जाते का? शेवटी वैतागून तिनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली, त्यांचा उजवा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि तिला काडीवर जेवढा दाब लागला होता, तेवढा त्याच्यावर दिला.

"एवढं."

नरहररावांचा अंगठा थरथरत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. "पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं.

"हे सरळ जाताना. आणि वळताना?"

"वळताना हे असं."

"म्हणजे नाक जड आहे," ते म्हणाले. "बॅटरी मागे घ्यावी लागेल. मी तुला आधीच म्हणत होतो, बॅटरी मागे घेऊ."

"तुम्ही? मी म्हणत होते! तुम्ही नको म्हणालात!"

"मी कधी नको म्हणालो?"

मागून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. अंतरानं गाडी रस्त्यावर घेतली, आणि जालना येईपर्यंत दोघं बॅटरीवरून भांडत राहिले.